हवेत घेतलेलं माप

आवाज पहिल्यांदा बायकोने काढला, म्हणजे विषय काढला. मोजणीदाराला तो आवाज तिच्याही आधी ऐकू आला होता, पण ऐकू आलेली गोष्ट मान्य करायला त्याला नेहमीच थोडा वेळ लागायचा.

"काहीतरी घासतंय," बायको म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"रस्ता कधी घासत नाही. खर्रर्र झालं. मागे."

"नवीन टायर आहेत. जागेवर बसायला वेळ लागतो."

"नवीन चप्पल चावते तसं?"

"अगदी तसंच," मोजणीदार म्हणाला. उपमा आयती मिळाल्याचं समाधान त्याला पुढच्या खड्ड्यापर्यंत पुरलं. तिथे पुन्हा खर्रर्र झालं, आणि या वेळी लांबलं.

मागच्या सीटवर मेहुणा आणि मेहुण्याची बायको बसले होते. नवी चाकं दाखवायला म्हणून त्यांना मुद्दाम घरून उचललं होतं. मेहुण्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "दाजी, गाडी कण्हतेय."

"तू जरा मधे सरक."

"सरकलो. आता ही कण्हतेय."

मोजणीदाराने रविवारची ती फेरी अर्ध्यावर गुंडाळली, मेहुण्याला त्याच्या दारात उतरवलं आणि परत येताना कान मागे ठेवून गाडी चालवली. मागची सीट रिकामी होती आणि गाडीने चकार शब्द काढला नाही. घरी पोचल्यावर तो पार्किंगमध्ये मागच्या चाकाशी उकिडवा बसला. मडगार्डच्या आतल्या कडेचा काळा रंग बोटभर लांबीचा उडाला होता आणि टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथे टायर वळून आडवा होतो तिथे, कोणीतरी सुरीने गिरवावी तशी रेघ उमटली होती.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता त्याला याच गाडीतून दादाला हॉस्पिटलमधून घरी न्यायचं होतं. हातात साडेतीन दिवस होते.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. गेली आठ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. नात्यातल्या समारंभांत ते एकमेकांना पाठीवरून ओळखत आणि जेवणाच्या रांगेत मधे किमान सहा माणसं राहतील अशी काळजी घेत. कारण जमिनीचं होतं, पण वाटणीचं नव्हतं. वाटणीचं असतं तर लोकांना समजलं तरी असतं. दादाने आपल्या छोट्याशा घराभोवती कुंपणाची भिंत बांधली, शेजाऱ्याने हरकत घेतली, आणि दादाने ऐटीत सरकारी मोजणीचा अर्ज केला. मोजणी खात्यात धाकटा भाऊ आहे हे त्याने शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात दोनतीनदा सांगितलंही होतं. नात्यातल्या माणसाची मोजणी करू नये असा संकेत आहे. मोजणीदाराने साहेबांना तसं सांगितलं. दुसरा मोजणीदार काविळीने आडवा पडला होता. साहेब म्हणाले, यंत्राला नाती नसतात, जा. तो गेला, यंत्र लावलं, आणि भिंत चौदा सेंटिमीटर शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. त्याने तसं लिहून दिलं. भिंत पाडली गेली. दादा त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

आणि तीन आठवड्यांपूर्वी वहिनीचा फोन आला. दादाच्या खुब्याचं हाड बदलायचं ठरलं होतं. ऑपरेशनची तारीख, डॉक्टरांचं नाव, भूल कोणती, हे सगळं सांगून झाल्यावर वहिनी जरा थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, घरी आणायच्या दिवशी तुम्ही याल का? हे म्हणाले."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, त्याला सांग, गाडी घेऊन ये म्हणावं."

आठ वर्षांतलं हे पहिलं वाक्य होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. मोजणीदाराने फोन ठेवला, खाली जाऊन आपली बारा वर्षांची गाडी पाहिली आणि तिचे टायर गुळगुळीत झाल्याचं पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं. दादाने तीस वर्षं बस चालवली होती. कुठलीही गाडी दिसली की तो आधी चाकांकडे बघायचा, मग चालवणाऱ्याकडे. अशा माणसासमोर ही चाकं घेऊन जाणं म्हणजे फाटका बनियन घालून लग्नाला जाण्यासारखं होतं.

शहाण्या माणसाने त्याच मापाचे चार टायर आणून बसवले असते. मोजणीदार इथेच थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण त्याच्या डोक्यात आता नुसते टायर नव्हते. चांदीच्या रंगाच्या, दहा आऱ्यांच्या, मूळच्यापेक्षा दोन इंच मोठ्या अलॉय रिम होत्या आणि त्यांवर रुंद टायर होते. कंपनीची चाकं सोडून बाजारातली घ्यायची तर मापं काळजीपूर्वक घ्यावी लागतात, असं दुकानदार म्हणाला. काळजीपूर्वक मापं घेणं हेच तर आपलं पोट भरण्याचं साधन आहे, असं मोजणीदार मनात म्हणाला.

त्याने गाडी जॅकवर चढवली, जुनं चाक काढलं आणि कमानीत डोकं घालून दोन संध्याकाळ मापं घेतली. आत स्प्रिंगपर्यंत किती, बाहेर मडगार्डपर्यंत किती, वर किती. वहीत आकृती काढली. नवं चाक बसवल्यावर सगळीकडून किमान नऊ मिलिमीटर मोकळं राहत होतं. नऊ मिलिमीटरच्या खाली त्याने सही केली आणि तारीख घातली. जुनी चाकं दुकानदाराने बदल्यात नेली.

आता चूक कुठे झाली हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. त्याला ते कळायला सोमवार उजाडला.

*

टायरवाल्याचं दुकान भंगाराच्या दुकानाला चिकटून होतं. टायरवाला स्वतः एका उलट्या टायरवर बसून दुसऱ्या टायरवर पाय ठेवून असे आणि कुठल्याही गिऱ्हाइकाकडे वर न बघता त्याच्या गाडीकडे खालून बघे. त्याने चाकं पाहिली, कमानीत हात घातला, बोटावर आलेली काळी भुकटी चोळून वास घेतला.

"कोणी बसवली?"

"बसवली दुकानात. मापं माझी होती."

"मापं कशी घेतली?"

मोजणीदाराने वही उघडून दाखवली. टायरवाल्याने आकृती पाहिली, सही पाहिली, तारीख पाहिली.

"हे छान आहे," तो म्हणाला. "फ्रेम करा. गाडी कुठे होती तेव्हा?"

"जॅकवर."

"म्हणजे हवेत."

"चाक काढायचं तर हवेतच..."

"साहेब, गाडी हवेत असली की चाक खाली लोंबतं. गाडी खाली आली की चाक कमानीत वर येतं. माणसं बसली की आणखी वर येतं. खड्ड्यात गेली की त्याहून वर. तुम्ही काय काम करता?"

"जमिनी मोजतो."

टायरवाल्याने पहिल्यांदा वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी सहानुभूती होती. "मग बरोबर आहे. जमिनीवर माणसं बसली तर जमीन खाली जात नाही."

मोजणीदाराला आपल्या बावीस वर्षांच्या नोकरीचा इतका नेमका सारांश कोणी ऐकवला नव्हता. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. "गुरुवारी अकराला पेशंट आणायचाय. धक्का बसता कामा नये. आवाज तर अजिबात नको."

"धक्क्याचं समजलं. आवाजाचं काय?"

"पेशंट तीस वर्षं ड्रायव्हर होता."

"अरेरे," टायरवाला म्हणाला आणि उठून उभा राहिला. प्रकरण गंभीर असल्याची ती खूण होती.

उपाय होता. मडगार्डच्या पत्र्याची कड आतल्या बाजूला काटकोनात वळवलेली असते, टायर तिथेच घासत होता. ती कड गरम करून रोलरने वर दाबायची, म्हणजे ती आत सपाट बसते आणि टायरला जागा होते. टायरवाल्याच्या भाषेत याला मडगार्ड लाटणं म्हणत. घाई केली तर रंगाला तडे जातात. पण किती लाटायचं हे ठरायला टायर किती वर येतो ते कळायला हवं, आणि ते कळायला वजन हवं.

"मागे कोण बसणार?"

"दादा. पाय लांब करून, आडवा. पुढे वहिनी."

"दादाचं वजन?"

आठ वर्षांपूर्वी दादा किती असेल हे तो अंदाजाने सांगू शकला असता. आठ वर्षांत माणूस कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. "नव्वदच्या आसपास," तो म्हणाला.

"आसपास?" टायरवाल्याने वहीकडे बोट दाखवलं. "इथे अर्धा अर्धा मिलिमीटर लिहिलाय, आणि भाऊ आसपास?"

मोजणीदार भंगाराच्या ढिगाआड गेला आणि त्याने वहिनीला फोन लावला.

"भाऊजी, सगळं ठीक आहे, आज दोन पावलं चालवलं," वहिनी म्हणाली.

"छान. वहिनी, दादाचं वजन किती आहे?"

"वजन?"

"गाडीसाठी हवंय."

"गाडीसाठी," वहिनी म्हणाली. मग तिने फोनवर हात ठेवला असावा, पण तो नीट बसला नाही, कारण पलीकडून आवाज आला. जाड, घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. "कशाला हवंय त्याला? आता मला मोजायला काढलंय काय?" वहिनी काहीतरी पुटपुटली. मग पुन्हा तोच आवाज, "ब्याण्णव सांग. आणि म्हणावं, कमरेच्या पट्ट्यासकट."

मोजणीदार एका गंजक्या फ्रिजला टेकून उभा राहिला. आवाज थोडा म्हातारा झाला होता. ब्याण्णव हा आकडा त्याने तळहातावर लिहून घेतला, जसा काही तो विसरणार होता.

"भाऊजी, ब्याण्णव," वहिनी फोनवर परत आली. "हे ऑपरेशनच्या आधीचं. आता आत धातू बसवलाय, त्याचं तुम्ही वेगळं धरा."

दुकानात ब्याण्णव किलोची जमवाजमव सुरू झाली. भंगारवाल्याने आपला काटा मोकळा करून दिला आणि आधी स्वतःच त्यावर चढला. तो एकशे चार भरला, म्हणून त्याला बाद केलं. तो जरासा नाराज होऊन खाली उतरला. स्कूटरचं पंक्चर काढायला आलेले एक निवृत्त हेडमास्तर बाकावर पेपर वाचत होते. ते अठ्ठावन्न निघाले.

"चौतीस कमी पडले," टायरवाला म्हणाला.

"आयुष्यभर मीच मुलांना हे सांगितलं," हेडमास्तर म्हणाले आणि विनातक्रार मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांच्या शेजारी ट्रकची चौतीस किलोची बॅटरी ठेवून तिला पट्टा लावला. हेडमास्तरांना पट्टा लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे वहिनी म्हणून भंगारवाल्याला बसवलं. टायरवाल्याने टायरच्या खांद्यावर खडू फासला आणि मोजणीदाराला समोरच्या गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी न्यायला सांगितलं.

गाडी उतरताना हेडमास्तर आणि बॅटरी एकदम उडाले आणि एकदम खाली आले. खर्रर्र.

"झालं का?" हेडमास्तरांनी विचारलं. "पेपर राहिलाय माझा."

परत आल्यावर टायरवाल्याने कमानीत वाकून पाहिलं. जिथे टायर लागला होता तिथे कडेवर खडूची पांढरी पट्टी उमटली होती, विटीएवढी. मोजणीदाराने ती पाहिली आणि त्याला उगाचच हायसं वाटलं. निदान हद्द तरी कळली होती.

मंगळवारचा अख्खा दिवस मडगार्ड लाटण्यात गेला. मोजणीदाराने कचेरीत रजा टाकली आणि दुकानात येऊन उभा राहिला. टायरवाल्याने त्याला बसायला टायर दिला. तो बसला, उठला, कमानीत बघून आला, पुन्हा बसला. टायरवाला रंग तापवून बोटाने चाचपायचा, रोलर एक घर दाबायचा, पुढेमागे फिरवायचा, पुन्हा तापवायचा. चार वेळा झाल्यावर मोजणीदाराने विचारलं, "आता किती झालं?"

"तीन मिलिमीटर."

"आणखी?"

"साहेब, तुम्ही जमीन मोजता तेव्हा तिथे मालक उभा असतो ना?"

"असतो."

"कसं वाटतं?"

मोजणीदार चहा प्यायला निघून गेला.

संध्याकाळी हेडमास्तरांना फोन करून बोलावून घेतलं. ते आनंदाने आले, या खेपेला कोट घालून. बॅटरी आली, भंगारवाला आला. गतिरोधकावरून तीन फेऱ्या झाल्या. खडू जिथल्या तिथे राहिला. कडेवर काही उमटलं नाही.

"चार माणसं, बेताचं सामान," टायरवाला हात पुसत म्हणाला. "त्याच्या वर मी जबाबदार नाही. वाहन आहे, धर्मशाळा नाही."

बुधवारी मोजणीदार कचेरीतून दोनदा बाहेर पडला आणि हॉस्पिटलपासून दादाच्या घरापर्यंतचा अकरा किलोमीटरचा रस्ता दोनदा चालवून आला. वाटेत सदतीस खड्डे आणि नऊ गतिरोधक होते. एका पाइपाच्या चरासाठी त्याने वहीत वेगळा शेरा लिहिला. दादाच्या फाटकासमोर तो थांबला नाही. नवी भिंत त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली आणि ती हद्दीच्या आत आहे हे नको असताना त्याच्या लक्षात आलं.

घरी बायकोने विचारलं, "उद्या मी किती वाजता निघू तुमच्याबरोबर?"

"तू येऊ नकोस."

"का?"

"वजन वाढतं."

बायकोने काही क्षण त्याच्याकडे पाहिलं. "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि आज तुम्ही मोकळेपणाने बोललात. मी परस्पर त्यांच्या घरी जाऊन थांबते. बसने. बसचं काही घासत नाही."

*

गुरुवारी पावणेअकराला मोजणीदार हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून उभा होता. टाकीत पेट्रोल अर्धं होतं, तेही हिशेबाने. जादाचं चाक त्याने घरीच काढून ठेवलं होतं. मागच्या सीटवर उशा मांडल्या होत्या.

सव्वाअकराला चाकाची खुर्ची बाहेर आली. दादा तिच्यात ताठ बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते आणि कोणीतरी ते चापूनचोपून बसवले होते. त्याने आधी गाडीच्या चाकांकडे पाहिलं, चारही, क्रमाने. मग मोजणीदाराकडे.

"पेशंट पुढे बसणार," खुर्ची ढकलणारी नर्स म्हणाली.

"मागे उशा लावल्यात. आडवं होता येईल," मोजणीदार म्हणाला.

"आडवं नाही. खुबा जास्त वाकता कामा नये. पुढची सीट पूर्ण मागे घ्या."

बसण्याचा तक्ता तिथेच निकालात निघाला. पण मोजणीदाराने डोक्यात भराभर नवा मांडला. दादा पुढे, वहिनी मागे, उलट बरंच झालं, मागचा भार कमी. एवढ्यात वहिनी बाहेर आली. तिच्यामागे तिची थोरली बहीण आली. ही बहीण महिनाभर सेवेला राहणार होती हे मोजणीदाराला कोणी कळवलं नव्हतं. तिची तब्येत भंगारवाल्याशी स्पर्धा करू शकली असती. तिच्यामागे वॉर्डबॉय आला, त्याच्या ढकलगाडीवर बहिणीची ट्रंक, वॉकर, कमोडची खुर्ची, औषधांची खोकी, फळांची टोपली आणि एक टेबलफॅन.

"हा फॅन कशाला?" मोजणीदाराने विचारलं. आवाज त्याचा त्याला परका वाटला.

"आमचा आहे. तिथला फिरत नव्हता," वहिनी म्हणाली. "का हो भाऊजी, काही अडचण आहे?"

अडचण किलोत सांगता आली असती. त्याने मान हलवली आणि डिकी उघडली.

हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडताना पहिला गतिरोधक होता. त्याने गाडी इतकी हळू घेतली की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. पुढची चाकं उतरली. मागची चाकं उतरली.

खर्रर्र.

दादा समोर बघत होता. मोजणीदारही समोर बघत होता. मागे वहिनीची बहीण स्वतःच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी सांगत होती. पहिला खड्डा त्याने चुकवला, दुसराही. तिसरा चुकवण्याजोगा नव्हता. खर्रर्र. त्याने वहीतला क्रम आठवायचा प्रयत्न केला. सदतीसांतले तीन झाले होते. पाइपाचा चर अजून पुढे होता.

"डावं मागचं," दादा म्हणाला.

मोजणीदाराला ते आपल्याला उद्देशून आहे हे कळायला वेळ लागला. "काय?"

"डावं मागचं लागतंय. उजवं नाही. ताई कुठल्या बाजूला बसल्यात?"

"डाव्या," मागून ताई म्हणाल्या. "का हो?"

"काही नाही. हवा चांगली येते तिकडे," दादा म्हणाला. मग मोजणीदाराला, हळूच, "बाजूला घे."

"थोडंच राहिलंय..."

"दहा किलोमीटर राहिलेत. टायर फाटेल. घे बाजूला म्हणतो ना."

त्याने गाडी एका औषधाच्या दुकानासमोर थांबवली. इंजिन बंद केल्यावर सगळीकडे फार ऐकू यायला लागलं. मोजणीदाराच्या मनात एकच गोष्ट होती. आता दादा म्हणणार, टॅक्सी बोलाव, आणि त्या टॅक्सीत बसून निघून जाणार. टॅक्सी तर पहिल्या दिवशीही मिळाली असती. टॅक्सीला कोणी निरोप पाठवला नव्हता.

"टॅक्सी बोलाव," दादा म्हणाला.

मोजणीदाराने मान खाली घालून फोन काढला.

"अगं," दादाने मान वळवता येत नव्हती म्हणून आरशात बघून वहिनीला सांगितलं, "तू आणि ताई टॅक्सीने पुढे व्हा. ट्रंक घ्या, फॅन घ्या. खाट वगैरे लावून ठेवा."

"आणि तुम्ही?"

"मी येतो ह्याच्याबरोबर. सावकाश."

"अहो, वाटेत काही लागलं तर?"

"लागलं तर हा आहे की."

वहिनीने दीराकडे पाहिलं. दीर फोनकडे पाहत होता आणि त्यावरचं त्याला काही दिसत नव्हतं. ताई म्हणाल्या, "मी सेवेला आले आणि मलाच उतरवताय होय," पण उतरल्या. त्या उतरताच गाडी मागून चांगली तीन बोटं वर आली. मोजणीदाराने ते आरशात न बघता पाठीने ओळखलं.

टॅक्सी गेली. दोघं निघाले. खड्डा आला, गेला. आवाज नाही. आणखी एक. नाही. आता तो आवाज नव्हता आणि दुसराही कुठला नव्हता, आणि मोजणीदाराला पहिलाच बरा होता असं वाटायला लागलं. त्याने गळ्याखालचं बटण काढलं, पुन्हा लावलं. आरसा नीट केला, तो नीटच होता.

"दुसरा गिअर," दादा म्हणाला.

"हो."

"पुढे चर आहे. तिरका घे. एकेक चाक उतरव."

त्याने एकेक चाक उतरवलं. दादाने मांडीखालची उशी धरून श्वास रोखला आणि सोडला.

"दुखलं?"

"नाही. मापं कोणी घेतली ह्या चाकांची?"

"मी."

दादाच्या छातीतून काहीतरी फुटलं. आधी मोजणीदाराला वाटलं, कळ आली. पण तो हसत होता, ओठ घट्ट मिटून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "हसवू नको रे," तो म्हणाला, "टाके आहेत."

"मी काही बोललो नाही."

"तेच."

सिग्नल लागला. गाडी थांबली. दादाने डोळे पुसले आणि समोर बघत, आवाज न चढवता म्हणाला, "रेघ तुझी बरोबर होती. मी दुसरीकडूनही मोजून घेतली नंतर. चौदाच भरले."

मोजणीदार सिग्नलचे उतरते आकडे बघत राहिला.

"भिंतीचं काय, विटा होत्या. पाडली, पुन्हा बांधली. पण तू ते पोस्टाने पाठवलंस. रजिस्टर. पोस्टमनसमोर सही केली मी. वर लिहिलेलं, अर्जदार यांस. आडनावासकट माझं पूर्ण नाव, जसं काही तुझं दुसरंच आहे."

"नमुना तसा आहे. छापील असतो."

"असू दे. अर्ध्या तासाचा रस्ता. आधी घरी येऊन तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मोजणीदाराने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकताना ती एकदा बंद पाडली.

"आलो होतो," तो म्हणाला. "भिंत पाडली त्या दिवशी. समोरच्या किराणा दुकानात उभा होतो. अर्धा तास."

"पाऊण."

मोजणीदाराने वळून पाहिलं.

"रस्त्यावर बघ," दादा म्हणाला. "पाऊण तास उभा होतास. साबणाची वडी घेतलीस, ती परत केलीस. मी खिडकीतून बघत होतो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"वाट बघत होतो. म्हटलं रस्ता ओलांडेल. तू वडी परत केलीस आणि निघून गेलास."

पुढच्या रस्त्यात दादा मधेच "डावीकडे घे" आणि "त्याला जाऊ दे पुढे, मरू दे" एवढं बोलत होता, आणि मोजणीदार डावीकडे घेत होता, आणि त्याला जाऊ देत होता. अकरा किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. शेवटच्या वळणावर दादा म्हणाला, "इतक्या हळू मी बस कधी डेपोतसुद्धा लावली नाही."

फाटकात बायको, वहिनी आणि ताई तिघी उभ्या होत्या. मोजणीदार उतरून पलीकडच्या दाराशी आला. सीटची उंची, दाराची रुंदी, पायरी, सगळं त्याच्याकडे लिहिलेलं होतं. एका मोठ्या माणसाला गाडीतून बाहेर कसं काढायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला.

"बघतोस काय, वाक," दादा म्हणाला. "पाय दोन्ही एकदम बाहेर आण माझे. हां. आता खांदा दे. असा नाही, जवळ ये ना."

तो जवळ गेला. दादाने दोन्ही हात त्याच्या मानेभोवती टाकले आणि ब्याण्णव किलो, कमी नाहीच, त्याच्या अंगावर आले. हॉस्पिटलच्या साबणाचा वास आला. दोघं तसेच उभे राहिले, गरजेपेक्षा किंचित जास्त.

"सोडू नका हं भाऊजी, वॉकर आणते," वहिनी ओरडली.

"सोडत नाही," मोजणीदार म्हणाला.

वॉकर आला. दादाने त्याच्यावर भार टाकला, एक पाऊल पुढे सरकला, थांबला. मान न वळवता म्हणाला, "पुढच्या मंगळवारी टाके काढायचेत. सकाळी नऊला ये."

"साडेआठला येऊ का? वाहतूक..."

"नऊ म्हणालो ना."

"बरं."

"आणि मागे कोणाला बसवू नकोस."